कमी पाण्याचं माप

शंभर पेशी मोजायच्या असतात.
काचेवर रक्ताचा थेंब ओढून पातळ करायचा,
जांभळा रंग वाळू द्यायचा,
मग डोळा लावून एकेक बटण दाबत जायचं.
शंभर झाले की घंटी वाजते.
शालिमारच्या या लॅबमध्ये एकोणीस वर्षं
माझी बोटं त्या घंटीसाठी थांबतात.

ओजसच्या काचेवर घंटी वाजली तेव्हा
लिम्फोसाइटच्या बटणावर सहा.
पाच महिन्यांच्या बाळात साठ हवेत.
मी दुसरी काच केली. पाच.

आधीचे तीन रिपोर्ट हर्षलाच्या पिशवीत होते.
दोन सिडकोतले, एक आमचाच.
त्यातही आठ.
खाली सही माझी.

नाशकात पूर मोजायला मारुती आहे.
गंगेचं पाणी दुतोंड्याच्या कमरेला लागलं,
छातीला लागलं,
गावभर फोन जातात.
उन्हाळ्यात ते किती खाली गेलं
हे सांगायला कुणी मारुती उभा केला नाही.
आम्हीही चढलेलं तेवढं वाचतो.

नाहीतर दिसत होतं की सगळं.
जिभेवरचा पांढरा बुरा, औषधाने जायचा, आठवड्यात परत यायचा.
खोकला. पातळ शी.
वजनाच्या कार्डावर तीन महिने एकच आकडा.
आणि डाव्या दंडावर लस टोचलेली जागा,
इतर पोरांची वाळून मसुराएवढी होते,
याची वाहतच राहिली,
काखेत बोराएवढी गाठ.
"चांगली उठलीय हो लस," शेजारच्या कातकाडे काकू म्हणाल्या होत्या,
आणि आम्ही हसलो होतो.

डॉक्टर बोरस्त्यांनी छातीचा फोटो खिडकीला धरला.
"तान्ह्या बाळाला इथे, हृदयाच्या वर,
होडीच्या शिडासारखी सावली असते.
लढणाऱ्या पेशी तिथे शिकून बाहेर पडतात."
त्यांचं बोट काळ्या रिकाम्या जागेवर थांबलं.
मागे खिडकीत त्र्यंबक नाक्याची वाहतूक दिसत होती.

मग त्यांनी बाळाचं काहीच विचारलं नाही.
विचारलं, "तुम्हा बहिणींना भाऊ होते?"

आई चांदोरीहून सकाळच्या एसटीने आलेली,
मांडीवर डबा तसाच.
"दोन होते," म्हणाली.
"दिगू सात महिन्यांचा गेला. दुसऱ्याचं बारसं झालं नव्हतं."
आम्हाला दिगू माहीत होता. दुसरा नव्हता.
"सासूबाई म्हणायच्या, माझं दूध बाधतं.
तुम्हा दोघींना म्हणून शेळीच्या दुधावर वाढवलं."

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर चौकोन काढले, वर्तुळं काढली.
चौकोन मुलगे. दोन काळे केले, मग तिसरा, छोटा.
वर्तुळं बायका. आईच्या वर्तुळात एक टिंब,
हर्षलाच्या वर्तुळात एक टिंब.
"मुलींना काही होत नाही. त्या पुढे देतात."

आई चष्मा पुसून कितीतरी वेळ कागद बघत होती.
"म्हणजे दूध नव्हतं?"
"नाही, आजी. दूध नव्हतं."
तिने मान हलवली. चाळीस वर्षांची मान.
मग बोट हळूच त्या टिंबावर ठेवलं
आणि काही विचारलं नाही.

आता ओजस वेगळ्या खोलीत आहे.
कुणी पापा घ्यायचा नाही, दारात चपलाही नकोत.
मुक्ताचं रक्त त्याच्याशी जुळलंय.
सहा वर्षांची मुक्ता विचारते, माझ्या हाडातलं किती घेणार?
चमचाभर की वाटीभर?
हर्षला म्हणाली, वाटीभर.
मुक्ता म्हणाली, मग मला नंतर आइस्क्रीम.
पुढचं पुण्याला. तारीख मिळालीय.
होईल का नीट, हे डॉक्टर सांगत नाहीत,
लवकर कळलं, एवढंच परत परत म्हणतात.
लवकर. माझ्या सहीनंतर सात आठवड्यांनी.

काल लॅब बंद करताना
मी उजव्या हाताने डाव्या हाताचं रक्त काढलं.
जांभळ्या झाकणाची बाटली, वर माझं नाव, वय एकेचाळीस.
ती अजून फ्रीजमध्ये आहे.
कुरिअरचा माणूस दोनदा येऊन गेला.

त्या चिठ्ठीवर माझं वर्तुळ कोरं आहे.
त्याच्याखाली ऋजुताचं यायला हवं होतं,
माझी लेक, यंदा नववीला.
कागद तिथे संपला.